पाणी, घाट आणि रेडिएटर : मराठवाड्यातील एका कारागिरीचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली सिलिंडरच्या भिंतींत व हेडमध्ये शिरते. ही तिसरी वाटणी सतत बाहेर काढत राहावी लागते. ती अडली तर काही मिनिटांत हेड वाकते, गॅस्केट जळते, पिस्टन सिलिंडरला धरतो. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ही उष्णता आधी पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या नळ्यांत आणि नळ्यांतून हवेत जाते. या वाटेवर ती नेमकी कुठे अडली हे ओळखणे ही मोटार मिस्त्रीच्या कसबाची जुनी परीक्षा आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि भोवतालचा मराठवाडा येथे हे कसब ज्या रीतीने घडले त्यात गाड्यांच्या कंपन्यांपेक्षा इथल्या पाण्याचा वाटा मोठा आहे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळते. दोन अंशांची ही तूट किरकोळ वाटते, पण ज्या गाड्यांच्या रेडिएटरला दाब धरणारे झाकण नव्हते त्यांच्यासाठी ती हातची सूट कमी करणारी होती. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शहर पठारावर असल्याने खानदेशातून वर यायचे तर घाट चुकत नाही. चाळीसगावहून येताना कन्नडचा औट्रम घाट, जळगावहून येताना फर्दापूर सोडल्यावर अजिंठ्याचा घाट, आणि वेरूळच्या वाटेवर दौलताबादची चढण. भरलेला ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढतो तेव्हा इंजिन जोरात फिरत असते आणि गाडी पावलापावलाने सरकत असते, त्यामुळे उष्णता भरपूर आणि समोरून येणारा वारा नाही. वारा पाठीमागून असेल तर रेडिएटरला पंख्याशिवाय दुसरा आधारच उरत नाही.

यावर कडी करते ते पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये येणारे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. असे पाणी तापले की विरघळलेले क्षार घन होतात आणि सगळ्यात गरम पृष्ठभागावर, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला आणि हेडच्या पोकळ्यांत, थर धरतात. हा थर ओतीव लोखंडापेक्षा कित्येक पटींनी कमी उष्णता वाहतो. त्यामुळे रेडिएटर नवा, पंप चांगला, पाणी काठोकाठ आणि तरीही इंजिन आतून भाजते आहे, अशी स्थिती येऊ शकते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअरवेलचा प्रसार झपाट्याने झाला. प्यायच्या पाण्याची ती सोय मोलाची होती, पण रस्त्याकाठी रेडिएटरमध्ये ओतले जाणारे पाणीही आता खोल खडकातले झाले. गोदावरीवरचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि शहराला नदीचे पाणी मिळाले, तरी पाणीटंचाईच्या भागात मिस्त्रीच्या बादलीत जे येईल तेच गाडीत जाई.

रेडिएटर हा मोटारीचा मूळ अवयव नव्हे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत पाणी नुसते उकळून वाफ होऊन जाई आणि चालकाने पुन्हा भरायचे, अशी योजना होती. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमला गाडी घेऊन गेली तेव्हा वाटेतल्या गावांत पाणी मागत जावे लागले. पाणी पुन्हापुन्हा वापरायचे तर ते थंड करायला हवे. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या अखेरीस तयार केलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला, त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. स्वस्त गाड्यांना ही ऐपत नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर बहुतेक काळ पाण्याचा पंपही नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड झालेले खाली उतरते, एवढ्याच नियमावर ते फिरे. अशा गाडीत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटतो आणि इंजिनात पाणी असूनही ते उकळू लागते. त्यामुळे निदानाचा पहिला प्रश्न तेव्हापासून ठरला आहे : पाणी किती आहे? १९१० नंतर रेडिएटरच्या झाकणावर बसवायची तापमापके आली. चालकाला काचेतून समोर दिसणारी ती गोल तबकडी पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान सांगे. पाणी अगदीच खाली गेले तर ती मुकाट राही, हा तिचा दोष होता.

मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. मनमाडहून औरंगाबाद, जालना मार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली होती. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेनेच २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक विभाग काढला. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. बससेवा रेल्वेच्या पोटातून जन्मली, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बॉयलरमध्ये क्षार साचतात, ते ठरावीक दिवसांनी धुऊन काढावे लागतात, कोणत्या स्टेशनचे पाणी चांगले आणि कोणत्या स्टेशनचे वाईट याची खबर ठेवावी लागते, हे वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांना पाठ असते. रस्त्यावरच्या खासगी चालकाला ते कोणी शिकवले नव्हते.

मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली तेव्हा मराठवाडा अजून हैदराबादेत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि पुढे इथली बससेवा एसटी महामंडळाची झाली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक शहरालगत चिकलठाण्याला आहे. इतर दोन दापोडी आणि हिंगण्याला. सरकारी कार्यशाळा आणि आगारे यांनी मोटारदुरुस्तीला वेळापत्रक दिले : अमुक किलोमीटरनंतर पट्टा बघायचा, अमुक किलोमीटरनंतर पाणी बदलायचे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर कागदोपत्री शिकलेले फिटरही मिळू लागले. पण खासगी गॅरेजातले ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे, हाताखाली राबतच जात राहिले. जुन्या शहरातल्या गॅरेजांची बोली दखनी आणि मराठी यांची मिसळ, आणि पाना कोणता ते नंबरावरून ओळखायचे, नावावरून नाही.

१९५० ते १९८५ हा काळ या निदानविद्येचा सगळ्यात समृद्ध काळ म्हणावा लागेल, कारण गाड्यांची जातकुळी मोजकी होती आणि हातांना ती पूर्ण अवगत झाली. अँबॅसिडर, मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, महिंद्राची जीप, टाटा-मर्सिडीज आणि लेलँडचे ट्रक. अजिंठा-वेरूळला पर्यटक नेणाऱ्या टॅक्स्या याच घराण्यातल्या. सगळ्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे, पंखा पट्ट्यावर फिरणारा, हेड बहुधा लोखंडाचे. उपकरण म्हणाल तर डॅशबोर्डवरचा काटा, तोही अनेकदा मेलेला.

गाडी मालकाने सांगितलेली तक्रार ही तपासाची सुरुवात असे. गाडी पाणी फेकते, पाणी खाते, घाटात उकळते, उभी राहिली की तापते, या चार वेगळ्या तक्रारी होत्या आणि चारही वेगळ्या दिशांना बोट दाखवत. उभ्या गाडीत किंवा बाजाराच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर शांत होते, तर हवेचा दोष : पट्टा सैल, पंख्याचे पाते तुटलेले, पंख्याभोवतीची पत्र्याची कड गायब, जाळीत किडे आणि कापसाचा पिंजा अडकलेला. उलट, गावात ठीक आणि वेग घेतला किंवा चढ लागला की तापते, तर पाण्याचा दोष : नळ्या तुंबलेल्या, पंपाची पाती झिजलेली, खालचा रबरी होज चेपणारा. ही एक वाटणी जमली की निम्मे काम झाले, आणि आजच्या संगणकी तपासणीतही ती तितकीच खरी आहे.

पुढचा तपास सकाळी, इंजिन गार असताना. रात्रभर उभ्या गाडीचे झाकण उघडून पाण्याचा रंग बघायचा. विटकरी रंग म्हणजे आतले लोखंड गंजते आहे. पाण्यावर तेलाचा तवंग, किंवा ऑइलच्या कांडीवर घुसळलेल्या ताकासारखा पांढरट थर, म्हणजे पाणी आणि ऑइल एकमेकांत शिरले आहे. पंख्याचे पाते धरून पुढेमागे हलवले की पंपाच्या बेअरिंगचा खेळ कळतो. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक ठेवलेले असते, त्यातून थेंब येऊ लागले तर आतले सील गेले. हे भोक बुजवून गळती 'दुरुस्त' करणारे महाभागही होते. मग पाणी बेअरिंगमध्ये जाई आणि आठवड्याभरात पंप पंख्यासकट निखळून रेडिएटरवर आदळे.

झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू करायचे. सुरुवातीलाच पाण्यात न थांबणारे बुडबुडे येऊ लागले तर सिलिंडरमधला वायू गॅस्केटमधून पाण्यात घुसतो आहे. इंजिन तापलेले नसताना बुडबुडे, ही खूण जवळजवळ निर्णायक. खात्रीसाठी मिस्त्री पंख्याचा पट्टा काढून टाकत, म्हणजे पंप थांबे आणि फिरत्या पाण्याने येणारे बुडबुडे वगळले जात. मग एकेका प्लगची वायर काढून पाहायचे. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर बुडबुडे मंदावतात तो दोषी. त्याचा प्लग उघडला तर इतर प्लग काजळीने काळे आणि हा एकटा धुतल्यासारखा लख्ख. डिझेल ट्रकमध्ये प्लग नसतात, तिथे इंजेक्टरची नळी सैल करून हाच डाव टाकला जाई. डिझेल इंजिनांत आणखी एक दुखणे होते. काही इंजिनांचे लायनर थेट पाण्यात उभे असतात. इंजिनाच्या कंपनामुळे लायनरच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू टाचणीच्या टोकाएवढा कोरला जातो. शेवटी भोक आरपार जाते. ऑइलच्या चेंबरमध्ये पाणी उतरते, गॅस्केट बदलले तरी उतरतच राहते. असा ट्रक एकदा गॅस्केटसाठी खोलून पुन्हा लायनरसाठी खोलावा लागला की गॅरेजमालक आणि ट्रकमालक यांच्यातला हिशेब कायमचा बिघडे.

तुंबलेला रेडिएटर हाताने कळतो. इंजिन नीट तापवून बंद करायचे आणि जाळीवरून तळवा फिरवायचा. जिथे गार लागते तिथल्या नळ्यांतून पाणी फिरत नाही. इंजिनाला रेस दिल्यावर खालचा होज चेपून चपटा झाला तर पंप ओढतो आहे पण रेडिएटरमधून पाणी पुरेसे येत नाही, किंवा होजच्या आतली स्प्रिंग गंजून गेली आहे. रेडिएटर उतरवून त्यात वरून पाणी ओतले की खालून धार कशी पडते त्यावरून उरलेला निकाल लागे.

इथून पुढचे काम डाग देणाऱ्याचे. रेडिएटर दुरुस्तीचा धंदा मोटार मेकॅनिकचा नव्हे, तो तांबे-पितळेच्या कामाच्या जवळचा. भट्टी किंवा ब्लो लॅम्प, कथील आणि शिशाचा डाग, तेजाब, आणि पाण्याचा हौद एवढे त्याचे दुकान. वरची टाकी डाग वितळवून उघडायची, नळ्यांची तोंडे मोकळी करायची आणि पोलादाची पातळ चपटी पट्टी एकेका नळीतून आरपार घालून क्षार खरवडायचे. याला रॉडिंग म्हणत. नळ्या पातळ पितळेच्या. जोर जास्त लागला तर फाटणार, कमी लागला तर क्षार तसेच. फाटलेली नळी दोन्ही टोकांना डाग देऊन कायमची बंद करत. अशा चारदोन नळ्या बंद झाल्या तर चालून जाते, दर दुरुस्तीला चारदोन होत गेल्या तर रेडिएटर दिसायला पूर्ण आणि कामाला अर्धा राहतो. टाकी पुन्हा बसवल्यावर तोंडे बंद करून आत हवा भरायची आणि हौदात बुडवून बघायचे. जड पाण्याच्या मुलखात या कारागिराला कामाची ददात नव्हती.

रस्त्यावर मात्र उपाय वेगळे होते. जीपच्या पुढे टांगलेली पाण्याची छागळ, ट्रकच्या केबिनमागे डबा, आणि गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक फटीशी येऊन फुगते आणि गळती थांबवते. गाडी मुक्कामाला पोचते. ती पूड बारीक नळ्यांतही साचते हे नंतर रॉडिंगच्या वेळी कळे. उन्हाळ्यात पेट्रोलच्या गाड्यांत एक फसवा प्रकार होई. गाडी घाटात बंद पडली, बॉनेट हाताला भाजते, सगळे म्हणतात इंजिन तापले. प्रत्यक्षात पाण्याचा काटा मधोमध, आणि बंद पडले आहे ते पेट्रोल. पंपात आणि नळीत त्याची वाफ झाल्याने ते पुढे सरकत नाही. यावर पंपावर ओले फडके टाकायचे आणि दहा मिनिटे थांबायचे. अशा गाडीच्या रेडिएटरमध्ये घाईने थंड पाणी ओतणे व्यर्थ, आणि खरोखर उकळलेल्या इंजिनात ओतणे तर घातक, कारण एका बाजूने अचानक गार झालेले लोखंड तडकते. झाकण फिरवताना उडालेल्या वाफेने हात-तोंड भाजल्याच्या खुणा जुन्या चालकांच्या अंगावर असत.

या काळातल्या एका रूढीचा स्वतंत्र विचार करायला हवा : थर्मोस्टॅट काढून टाकणे. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या तोंडाशी बसवलेली ही झडप इंजिन गार असेपर्यंत पाणी आतच फिरवते आणि ठरावीक तापमानाला, बहुधा ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, उघडते. आधीच्या प्रकारांत अल्कोहोलसारखा द्रव भरलेला भाता असे, नंतर मेणाची डबी आली. मेण वितळून फुगते आणि दांडी ढकलते. क्षारांनी ती अडकली आणि बंदच राहिली तर काही किलोमीटरांत इंजिन उकळते. मिस्त्रीने अशी दहा इंजिने पाहिली की तो सरळ निष्कर्ष काढी : ही विलायतेतल्या थंडीसाठी केलेली वस्तू, आपल्याकडे तिचे काम काय? झडप काढली, गाडी तापायची थांबली, गिऱ्हाईक खूश.

हा निष्कर्ष निव्वळ अडाणीपणाचा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण त्या इंजिनांच्या आणि त्या पाण्याच्या संदर्भात त्यात तथ्य होते. अडकलेल्या झडपेने हेड जाण्याची जोखीम नेहमी थोडे गार चालणाऱ्या इंजिनाच्या तोट्यापेक्षा मोठी होती. किंमत मोजावी लागे ती हळूहळू आणि न दिसता. गार इंजिनात इंधन जास्त जाते, ते सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते, रिंगा लवकर झिजतात. आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच उघडताना आतला आडमार्ग बंद करतो, तिथे तो काढल्यावर आडमार्ग सदा उघडा राहतो. निम्मे पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परतते आणि गाडी घाटात आणखी तापते. एकाच उपायाने एक गाडी बरी होते आणि दुसरी बिघडते, याचे कोडे अनेकांना उलगडले नाही. खरे तर झडप तपासायला पातेलेभर पाणी आणि तापमापक पुरते. दोऱ्याने टांगून पाणी तापवायचे आणि कितीला उघडते ते बघायचे. ही चाचणी पुस्तकात होती, गॅरेजात क्वचित.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते सुरू झाला आणि शहर मोटार उद्योगाच्या नकाशावर आले. गमतीची गोष्ट अशी की तिथे बनणाऱ्या स्कूटर आणि रिक्षांना पाणी लागतच नव्हते. इंजिनाला पंखेदार कडा आणि फ्लायव्हीलवरचा पंखा, बस्स. त्यांच्या दुरुस्तीत शीतनाचा तपास म्हणजे पंख्यावरचे पत्र्याचे आवरण जागेवर आहे ना, कडांमध्ये चिखल आणि ऑइलचा गाळ बसला नाही ना, आणि पेट्रोलमध्ये टूटी ऑइलचे प्रमाण पुरेसे आहे ना, एवढाच. तरीही वाळूजचा परिणाम या विद्येवर झाला तो दुसऱ्या वाटेने. कारखान्याभोवती सुटे भाग बनवणारे उद्योग उभे राहिले, ॲल्युमिनियमचे ओतकाम इथे मोठ्या प्रमाणावर होऊ लागले, आणि मोजमाप घेऊन काम करणारा कामगारवर्ग तयार झाला. हेड वाकले आहे की नाही हे नजरेने ठरवण्याऐवजी सपाट पट्टी आणि फीलर गेजने बघणे, नट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने आवळणे, या कारखान्यातल्या सवयी हळूहळू गॅरेजात आल्या.

तोवर गाड्याही बदलल्या होत्या. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे होते, त्यामुळे पंखा पट्ट्यावर नव्हे तर विजेवर फिरे, आणि पाणी ठरावीक तापमानाला गेल्यावरच सुरू होई. निदानात आता वायर, रिले, फ्यूज आणि थर्मोस्विच यांची भर पडली. जुन्या मिस्त्रीने यावरही जुनाच मार्ग काढला. स्विच बिघडला की पंखा 'डायरेक्ट' करायचा, म्हणजे चावी फिरवताच तो चालू. थर्मोस्टॅट काढण्याचाच हा विजेचा अवतार.

मोठा फरक हेडने केला. लोखंडाचे हेड एकदोनदा उकळणे सोसते. ॲल्युमिनियमचे हेड एकदाच उकळले तरी वाकते. 'पाणी टाकू आणि जाऊ' हा विचार महाग पडू लागला. रेडिएटरही ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे आणि प्लास्टिकच्या टाक्यांचे झाले. टाकी आणि कोअर यांच्यामध्ये रबरी पट्टी आणि कड मुडपलेली. तिथे डाग चालत नाही, रॉडिंगसाठी टाकी सहज उघडत नाही. नवा रेडिएटर टाकणेच परवडू लागले. तांब्याचे जुने रेडिएटर भंगारात वजनावर गेले आणि डाग देणाऱ्यांपैकी जे टिकले ते ट्रक, ट्रॅक्टर आणि जनरेटरच्या कामावर.

दाबाचे झाकण आता निदानाच्या केंद्रस्थानी आले. व्यवस्थेत ०.९ बार जादा दाब असेल तर या शहराच्या उंचीवरही पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की ही वीस अंशांची सूट एकदम नाहीशी होते, आणि गाडी काही न गळता, काही न तुंबता, केवळ झाकणापायी उकळते. सगळ्यात स्वस्त भाग सगळ्यात शेवटी तपासला जाण्याचा प्रघात मात्र बरीच वर्षे टिकला. हातपंपाने दाब भरून काटा खाली येतो का ते पाहायचे उपकरण आल्यावर थंड इंजिनात, न भाजता, गळती शोधता येऊ लागली. काटा उतरतो आणि बाहेर कुठेच ओल नाही, म्हणजे पाणी आत जाते आहे. 'पाणी खाते' या तक्रारीला इतके सरळ उत्तर आधी मिळाले नव्हते.

२००१ मध्ये स्कोडाने शेंद्र्याला ऑक्टाव्हिया बनवायला सुरुवात केली आणि कुलंट हा स्वतंत्र विषय झाला. कुलंटमधले ग्लायकॉल पाण्याला गोठण्यापासून वाचवते, या मुलखात त्याचा उपयोग नाही, हा समज त्याआधी सर्रास होता. पण कुलंटमधली गंजरोधक द्रव्ये इथे गोठण्याच्या भीतीपेक्षा महत्त्वाची : ॲल्युमिनियमचे रक्षण, पंपाच्या सीलचे रक्षण, आणि उकळबिंदूही थोडा वर. फोक्सवागन समूहाच्या गाड्यांतले लाल-गुलाबी कुलंट आणि बाजारातले हिरवे कुलंट यांची रसायने वेगळी होती. त्या काळच्या लाल कुलंटमध्ये हिरवे मिसळले तर तपकिरी गाळ होई आणि हीटरच्या बारीक नळ्या आधी तुंबत. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा घेतल्या तेव्हा देशभर बातमी झाली. त्या गाड्यांची देखभाल अधिकृत सेवाकेंद्रांकडे गेली, पण वॉरंटी संपलेल्या महागड्या गाड्या काही वर्षांनी गल्लीतल्या गॅरेजातही येतातच, आणि त्यांना बोअरचे पाणी चालत नाही हे मग सगळ्यांनाच शिकावे लागते.

एप्रिल २०१३ पासून नव्या मोटारींना दोष नोंदवणारी दुसऱ्या टप्प्याची ओबीडी यंत्रणा बंधनकारक झाली. पाण्याचे तापमान आता संवेदक इंजिनाच्या संगणकाला सांगतो आणि त्यावर इंधनाचे प्रमाण, पंख्याचा वेग, एसी चालू ठेवायचा की नाही, हे सगळे ठरते. थर्मोस्टॅट काढण्याची रूढी इथे पहिल्यांदा उघडी पडली. पाणी ठरलेल्या वेळात तापत नाही हे संगणकाच्या लक्षात येते, तो पी-०१२८ हा संकेत नोंदवतो आणि इशाऱ्याचा दिवा लावतो. पूर्वी न दिसणारा तोटा आता डॅशबोर्डवर दिसू लागला. उलट बाजूने, हे संकेत वाचणाऱ्या स्कॅनरवर भिस्त ठेवणारे नवे तंत्रज्ञ वेगळ्या चुका करतात. संवेदकाचा संकेत आला की संवेदक बदलतात, दोष मात्र गंजलेल्या कनेक्टरचा असतो. पाणी इतके खाली गेलेले असते की संवेदक वाफेत लटकतो आणि तापमान कमी दाखवतो, हा तर झाकणावरच्या जुन्या तबकडीचाच दोष. चांगला तंत्रज्ञ स्कॅनरवरचा आकडा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने होजवर घेतलेला आकडा ताडून पाहतो. गॅस्केटच्या शंकेसाठी बुडबुडे मोजण्याऐवजी टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढली जाते. त्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा पडतो.

जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने शहराजवळ बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांत शीतनाचे दोन वेगळे फेरे असतात : एक इंजिनाचा, दुसरा विजेच्या इन्व्हर्टरचा, त्याला स्वतंत्र बाटली आणि विजेवर चालणारा छोटा पंप. गाडी तापल्याचा इशारा आला की कोणता फेरा तापला हे आधी ठरवावे लागते, कारण इंजिनाचे पाणी काठोकाठ असताना दुसरा पंप बंद पडलेला असू शकतो. बॅटरी बहुधा गाडीच्या आतल्या हवेने थंड होते. ती हवा ओढणाऱ्या जाळीपुढे सामान ठेवले किंवा जाळीत धूळ बसली तरी इशाऱ्याचा दिवा लागतो, आणि दुरुस्ती म्हणून जाळी काढून साफ करणे पुरते.